पाच पेट्यांचा पहारा

नाथाजी हवालदारांनी आयुष्यात कुणावर एकदम विश्वास ठेवला नाही, आणि याचा त्यांना अभिमान होता. दूध डेअरीला पाठवताना किटलीत ते कुठवर आहे, हे ते वाकून बघून ठेवत. एस.टी.चा कंडक्टर थांब्याचं नाव ओरडला तरी हे खिडकीतून मान बाहेर काढून पाटी वाचत. स्वतःच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी पाठीशी उभ्या असलेल्या मामाला हळूच विचारलं होतं, "पलीकडं तीच पोरगी हाय नव्हं, दाखवलेली?" तीच होती. वाईची राहीबाई. अंतरपाट काही भिंत नव्हे, त्यामुळे तिनं ते ऐकलं, आणि तेव्हापासून आजतागायत ती ते अधूनमधून त्यांना ऐकवत आली आहे.

हा स्वभाव जन्मापासूनचा नव्हता म्हणतात. पलटणीत नवे होते तेव्हा एका संध्याकाळी ते गेटवर पहाऱ्याला उभे होते. त्यांचेच कर्नलसाहेब पायी फिरून परत आले आणि नाथाजींनी त्यांना परवलीचा शब्द विचारला. साहेब विसरले होते. ज्यांना रोज सकाळी सलाम ठोकायचा, त्या साहेबांना नाथाजींनी दुसरा अधिकारी ओळख पटवायला येईपर्यंत गेटबाहेर तिष्ठत ठेवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्या कंपनीसमोर त्यांची पाठ थोपटली. त्या एका शाबासकीनं माणूस कायमचा बिघडला, असं राहीबाईंचं मत आहे, आणि ते खोडून काढणं अवघड आहे. पुढं नोकरीभर त्यांच्याकडं गार्ड कमांडरचंच काम आलं. निवृत्त होऊन पलूसजवळच्या आपल्या गावी आले, ऊस केला, म्हशी बांधल्या, पण अंगातला पहारा काही उतरला नाही.

मुलगा जयराज त्यांच्याच वाटेनं सैन्यात गेला. सध्या तो अशा उंचावरच्या ठाण्यावर होता, की तिथं मोबाईल नुसता घड्याळ बघायला उपयोगी पडायचा. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी, युनिटच्या इंटरनेटवरून तो आलेले ईमेल वाचायचा आणि घरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करायचा. वर्षअखेर त्याची नोकरी पुरी होत होती. त्यानंतर तो घरी येऊन शेती बघणार, की बायकोच्या माहेरी, शिरवळला जाणार, हा प्रश्न नाथाजींना आतून खात होता. शिरवळला हायवेच्या कडेनं कारखाने आहेत आणि कारखान्यांच्या गेटवर माजी सैनिक लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. जयराज एकुलता एक. तो शिरवळला गेला तर घरात मागं उरतं कोण, हा विचार आला की नाथाजींच्या हातातला घास ताटातच राहायचा. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. ते नुसतं सुनेवर लक्ष ठेवून होते.

सून अंकिता सकाळी पलूसला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायची आणि दुपारी घरी बसून हिशेबाचा ऑनलाइन कोर्स करायची. बोलणं कमी, काम नीट. नाथाजींच्या दृष्टीनं हीच शंकेची जागा होती. कमी बोलणाऱ्या माणसाचं बाकीचं बोलणं जातं कुठं, असं ते राहीबाईंना विचारत.

गेल्या रजेत जयराजनं सैन्याच्या कॅन्टीनमधून एक स्पीकरचा संच आणला. पाच पेट्या आणि खाली ठेवायचा एक जड डबा. सगळ्या तारा त्या डब्याच्या पाठीत खोचायच्या आणि डबा कॉम्प्युटरला जोडायचा. कॉम्प्युटर सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या खोलीत होता. जयराजनं दोन पेट्या पडद्याच्या दोन बाजूंना ठेवल्या, एक आडवी रुंद पेटी पडद्याखाली ठेवली, आणि उरलेल्या दोन मागच्या भिंतीवर, नाथाजींच्या खुर्चीच्या पाठीशी टांगल्या. मग लढाईचा एक सिनेमा लावला. गोळी पुढून सुटली आणि नाथाजींच्या कानामागून गेली. त्यांनी मागं वळून बघितलं. थोड्या वेळानं मागून पावलं वाजली, त्यांनी परत बघितलं. तिसऱ्या वेळी ते उठले, दार उघडून अंगणात नजर टाकली आणि मगच परत येऊन बसले.

"आबा, हीच तर गंमत हाय," जयराज हसत म्हणाला. "आवाज चारी अंगानं येतोय."

"तुला गंमत. माझ्या पाठीमागनं कोण बोलल्यालं मला चालत न्हाई."

रजा संपून जयराज गेला आणि दुसऱ्याच दिवशी नाथाजी पलूसहून तारेचं भेंडोळं घेऊन आले. त्यांचा हिशेब साधा होता. एका खोलीत पाच पेट्या म्हणजे एका दारात पाच शिपाई, आणि बाकीचं घर उघडं. असा पहारा त्यांनी उभ्या नोकरीत लावला नव्हता. डावी पेटी त्यांनी सोप्यातच ठेवली. उजवी माजघरात गेली. मागच्या दोघींपैकी एक माडीवर चढली आणि दुसरी गोठ्यात गेली, कारण गाणं ऐकून म्हैस दूध जास्त देते असं पेपरात आलं होतं. सख्ख्या भावावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं पेपरवर कसा ठेवला, हे त्यांचं त्यांना माहीत. रुंद पेटी स्वयंपाकघरातल्या फडताळावर अगदी बेतानं बसली. डबा मात्र त्यांनी सोप्यात आपल्या खाटेखाली, नजरेच्या टप्प्यात ठेवला.

"मामा, त्या पेट्या एकाच खोलीत ठेवायला लागतात," अंकिता म्हणाली. सासऱ्यांना ती मामा आणि सासूला आत्या म्हणायची. "प्रत्येकीचं काम वेगळं असतं."

"काम येगळं म्हणूनच येगळ्या जागी लावल्यात."

ती तार ओलांडून आत गेली. नाथाजींच्या मनात मात्र पाल चुकचुकली. हिला स्वयंपाकघरात पेटी का नको? पेटी बोलते, ऐकत नाही, हे त्यांना कळत होतं, पण ज्या वस्तूतून आवाज बाहेर येतो तिच्यातून तो आत जातच नसेल याची खात्री कुणी दिली होती?

चार दिवस बरे गेले. मग नाथाजींच्या लक्षात आलं की सोप्यातल्या पेटीतून बातम्यांची ठणाणा धून ऐकू येते, पण बातम्या देणारी बाई कुजबुजल्यासारखी बोलते. गाणं लावलं तर हार्मोनियम-तबला खणखणीत आणि गाणारा गायब. आवाज वाढवला की धून कान फोडायची आणि बाईची कुजबुज तशीच राहायची. पण पाणी प्यायला उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलं, की तीच बाई शेजारी बसून बोलावी इतकी स्वच्छ ऐकू यायची. गोठ्यात तर नुसतं लांबून घुमल्यासारखं काहीतरी यायचं, आणि म्हशीनं दूध होतं तेवढंच दिलं.

त्यांनी कॉम्प्युटरवर नजर ठेवायला सुरुवात केली, आणि एका दुपारी पडद्यावर त्यांना पट्ट्या दिसल्या. उभ्या पट्ट्यांची रांग आणि प्रत्येकीवर वर-खाली सरकणारं बटण. अंकितानं सांगितलं की हा इक्वलायझर. कोर्स शिकवणाऱ्या बाईंचा आवाज घुमत होता म्हणून तिनं तो टाकला होता. डावीकडच्या पट्ट्या जाड आवाजाच्या, उजवीकडच्या बारीक आवाजाच्या, आणि मधल्या माणसाच्या बोलण्याच्या. मधल्या तिनं वर चढवून ठेवल्या होत्या.

"म्हंजे बोलण्याचा आवाज ह्या पट्ट्यांत हाय," नाथाजी म्हणाले.

"तसं म्हणता येईल."

"आन पट्ट्या तुझ्या हातात."

अंकिता हसली. तिला वाटलं, मामांनी चेष्टा केली. नाथाजींनी आयुष्यात चेष्टा केली नव्हती.

खरी आच लागली ती रविवारी. जयराज पडद्यावर आला. मागं पांढरा डोंगर, डोक्यावर कानटोपी. तोंड हलत होतं आणि सोप्यातल्या पेटीतून येत होता तो नुसता वारा. राहीबाई दोन मिनिटं पुढं बसल्या, हात हलवला आणि "हितं काय ऐकू येईना, मी आपली आत जाते" म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. आत पेटीत जयराज स्वच्छ बोलत होता. अंकिता तिथून मोठ्यानं सांगायची.

"म्हणतायत, बर्फ कमी झाला. म्हणतायत, उसाला पाणी मिळालं का?"

"मिळालं म्हणावं. पुढचं काय ठरवलंस ते इचार," नाथाजी पडद्याकडं बघत म्हणायचे. माईक त्यांच्यापुढंच होता.

जयराजचं तोंड बराच वेळ हलायचं. आतून थोडा वेळ काहीच यायचं नाही. मग अंकिताचा आवाज. "अजून काही ठरवलं न्हाई म्हणतायत. गुडघ्याला तेल लावत जावा म्हणतायत."

"एवढंच? तोंड तर मघापास्नं हलतंय."

"रेंज न्हाई मामा. तेच तेच परत बोलतायत."

नाथाजी पोराच्या ओठांवर नजर रोखून बसायचे. ओठांत त्यांना शिरवळ दिसायचं. कधी जयराज मध्येच हसायचा, आणि आतून राहीबाईंचा दबका "अगं बाई" ऐकू यायचा. गुडघ्याच्या तेलात हसण्यासारखं काय आहे? ते उठून आत जायला निघायचे. पण सून स्वयंपाकघरात असताना सासऱ्यानं खाकरल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, हा त्या घरचा रिवाज, आणि नाथाजी रिवाजाला पक्के. शिवाय खुर्चीवरून उठले की जयराजला ते पडद्यावर दिसायचंच. त्यामुळे ते खाकरून दारात पोचेपर्यंत पेटीतून हमखास एकच वाक्य यायचं, "पाऊसपाणी कसंय तिकडं?"

तीन रविवार असे गेले. चौथ्या आठवड्यात अंकिता क्लासला गेल्यावर नाथाजींनी स्वतःच पट्ट्यांना हात घातला. आधी मधल्या सगळ्या तळाला नेल्या. सोप्यात काही फरक पडला नाही, पण आतून राहीबाई ओरडल्या की भजन म्हणणारा बुवा रजईखालून बोलतोय. मग त्यांनी एकूण एक पट्टी माथ्याला टेकवली. खाटेखालचा डबा असा काही घुमला की खाट हलली, स्वयंपाकघरातली पेटी चिरकली आणि गोठ्यात म्हशीनं दावं तोडलं. शेवटी इक्वलायझर बंदच करून टाकला. तरीही बोलणं सोप्यात काही आलं नाही. आता शहाण्या माणसानं म्हटलं असतं, दोष पट्ट्यांचा नाही. नाथाजी म्हणाले, बंद केल्यावरही चालतंय, म्हणजे हिनं आत खोलवर काहीतरी करून ठेवलंय.

त्याच संध्याकाळी शेजारचे नानासो चहाला आले. अंकिता कप घेऊन बाहेर येत होती. नाथाजींना ती दिसत होती. तरी ते बोलले, किंबहुना म्हणूनच बोलले.

"माझ्या पोराचा आवाज चोरीला गेलाय नानासो. आन चोर घरातलाच हाय."

अंकितानं कप खाली ठेवले, पदर सावरला आणि आत गेली. कपांतला एक थेंबही सांडला नव्हता, हेसुद्धा नाथाजींनी टिपलं. गुन्हेगाराचा हात इतका स्थिर असू शकतो, असं त्यांना वाटलं. राहीबाई पुढचे दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, नुसतं ताट पुढं सरकवत राहिल्या.

मग नाथाजींनी पलूसच्या सन्मतीला बोलावलं. सन्मतीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. अंकिताच्या क्लासची मशीनंही तोच बघायचा, हे नाथाजींना तो घरात पाऊल टाकताना आठवलं, आणि बोलावल्याचा पस्तावा झाला. पण आलेल्या माणसाला परत कसं पाठवणार? वेळ मात्र त्यांनी नेमकी सकाळची साधली होती, अंकिता क्लासला असतानाची. राहीबाई मळ्यात गेल्या होत्या.

सन्मतीनं पट्ट्या बघितल्या आणि लगेच निकाल दिला. "हे इक्वलायझरच खोडील हाय काका. काढून टाकू." काढून टाकला. काही झालं नाही. मग म्हणाला आवाजाचा ड्रायव्हर बिघडलाय. तो काढून नवा घातला, मशीन दोनदा बंद-चालू केलं. आता सोप्यातली कुजबुजही गेली. मग म्हणाला व्हायरस असेल. नाथाजी बाजूला उभे राहून त्याच्या बोटांकडं बघत होते. हा मुद्दाम वेळ काढतोय, याला कुणीतरी सांगून ठेवलंय, अशी त्यांची खात्री होत चालली.

"वैनींनी काय सांगितलं न्हाई व्हय?" सन्मतीनं सहज विचारलं. "त्यास्नी कळतंय की ह्यातलं."

"तिचं नाव मधी कशाला?"

सन्मती परत पडद्याकडं वळला. डोकं खाजवत त्यानं एक तपासणी उघडली. पडद्यावर एक चित्र आलं. मधे खुर्ची आणि खुर्चीभोवती पेट्या. चित्रातल्या एकेका पेटीवर दाबलं की खरोखरच्या त्या पेटीतून टुंग असा आवाज यायला हवा. नाथाजींना हे आवडलं. पहारा तपासायला फिरणं त्यांच्या हाडात होतं. सन्मतीनं डावी दाबली, सोप्यात वाजलं. उजवी दाबली, नाथाजी माजघरातून ओरडले, "आला." मागची एक माडीवर वाजली, दुसरी गोठ्यात. मग त्यानं पडद्याखालची मधली पेटी दाबली. सोपा गप्प. टुंग वाजलं ते स्वयंपाकघरात.

सन्मती उठून आत गेला आणि फडताळावरच्या रुंद पेटीकडं बघत राहिला.

"आवं काका, घावलं की. हे मशीन आवाजाची वाटणी करतंय. वाद्यं दोन बाजूंच्या पेट्यांत, लांबचं घुमणं मागच्या दोघींत, आन माणसाचं बोलणं ह्या मधल्या पेटीत. इक्वलायझर नुसता आवाज जाड-बारीक करतोय, कुठल्या पेटीत धाडायचा ते त्याच्या हातात न्हाई. मी उगंच त्याला काढला. ही पेटी त्या खुर्चीपुढं पायजे. हिला चुलीपाशी कुणी आणलं?"

नाथाजींनी फडताळाच्या कडेला अंगठ्यानं दाबून बघितलं, जणू ते बळकट आहे का ते तपासत होते.

"आसंल कुणीतरी," ते म्हणाले.

"मग ह्या सगळ्या एका खोलीत आणूया. न्हाईतर वाटणीच बंद करून टाकतो. पुढच्या दोन पेट्यांत सगळं ऐकू येईल, बाकीचं घर गप."

आपण चुकलो, हे नाथाजींना त्या घडीला कळलं, आणि कळल्याचं दुखलंही. कप खाली ठेवून आत गेलेली सून त्यांना क्षणभर दिसली. पण इतक्या वर्षांचा स्वभाव असा एका टुंगनं जातो होय? लगेच दुसरा विचार पुढं आला. पेटी आपण तिथं ठेवली, कबूल. पण कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला हे पहिल्या रविवारीच कळायला हवं होतं. तिला कळलं होतं. मग ती तीन रविवार गप्प का राहिली? पोराच्या लांबलचक बोलण्याचं तेवढुसं उत्तर बाहेर का पाठवत राहिली?

"काय बी बदलू नकोस," ते सन्मतीला म्हणाले. "फकस्त एक सांग. पेट्या न हलवता बोलणं हितं आणायचं झालं तर?"

"डब्याच्या पाठीतल्या दोन तारा अदलाबदल करा. स्वयंपाकघराची सोप्याला, सोप्याची स्वयंपाकघराला. पण कशाला?"

"आन हे कुणाला सांगायचं न्हाई. क्लासात बी न्हाई."

सन्मतीनं त्यांच्याकडं जरा विचित्र नजरेनं बघितलं, काढलेला इक्वलायझर होता तसा परत घातला आणि चहा न घेता गेला.

रविवारी सकाळी सासू-सून दोघी नानासोंकडं शेवया करायला गेल्या. नाथाजींनी दाराला कडी घातली, खाटेखाली शिरले आणि दोन तारा उपसून एकमेकींच्या जागी खोचल्या. बाहेरून काहीच बदललं नव्हतं. पेट्या आपापल्या जागी होत्या. कपडे झटकून ते खुर्चीवर येऊन बसले. शत्रूच्या वाटेवर दबा धरल्यासारखे ते तिथून हलले नाहीत.

दुपारी दोघी परत येऊन स्वयंपाकघरात शिरल्या आणि थोड्या वेळानं कॉल आला.

"आबा, नमस्कार."

जयराजचा आवाज सोप्यात असा आला, जणू तो उंबऱ्यात उभा आहे. किती आठवड्यांनी. "बोल रं" असं नाथाजींच्या ओठावर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. चेहरा हलू दिला नाही. हात वर केला, नेहमीसारखा.

जयराज कॅमेऱ्याकडं बघून हसला आणि हसतच बोलू लागला.

"अंकिता, ऐकतीयास नव्हं? आबा म्होरंच बसल्यात, म्हणून हसून बोलतोय. कंपनीचं पत्र आलं. शिरवळचं काम पक्कं झालं. तुझ्या वडलांनी खोली बी बघून ठेवलीया."

धरला. नाथाजींची कानशिलं तापली. ठरलं होतं, सगळं पाठीमागं ठरलं होतं, आणि आपल्याला गुडघ्याचं तेल. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पण अजून उठायचं नव्हतं, पुरतं ऐकायचं होतं.

"तू गेल्या खेपी ईमेलात लिहिलंस, 'मला शिरवळ नको, हितंच राहायचंय. माझा क्लास हाय, आत्या हायत, मामा तोंडानं तसे हायत पण मनानं वाईट न्हाईत, त्यांना तुमी पायजे.' लय झालं अंकिता. नानासोपुढं ते तुला चोर म्हणाले, ते मला आईनं दुसऱ्याकडनं ईमेल लिहून घेऊन कळवलं. तू सांगितलं न्हाईस. तरी तू त्यांचीच बाजू घेतीस." वाऱ्यानं त्याचा आवाज जरा हलला, पण शब्द न् शब्द कळत होता. चेहऱ्यावरचं हसू त्यानं तसंच धरून ठेवलं होतं. "मी नोकरीभर पहारा दिला. आता घरी येऊन आबांच्या पहाऱ्यात राहू? शाळेतनं आलो की दप्तर उलटं करून बघायचे माझं. काय घावायचं न्हाई, तरी दुसऱ्या दिवशी परत बघायचे. मला न्हाई जमायचं. मी येत न्हाई. तू आपलं त्यास्नी अजून काय ठरलं न्हाई, एवढंच सांग. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटाय नको."

नाथाजी बसून राहिले. राग कुठं गेला ते त्यांना कळलं नाही. तो असता तर बरं झालं असतं, त्याच्या जोरावर उठता तरी आलं असतं. त्यांना दप्तर आठवत होतं. त्यात काहीच सापडायचं नाही, याचा त्यांना तेव्हा आनंद व्हायचा, आणि पोरगं शेजारी उभं राहून काय बघत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ज्या सुनेनं पोरगं पळवलं म्हणून ते तिच्या पाळतीवर होते, ती एकटीच त्याला परत बोलावत होती.

स्वयंपाकघराच्या दारात अंकिता आली. तिच्या मागं राहीबाई, हाताला शेवयांचं पीठ.

"मामा, आज आत बोलणंच येईना. नुसती खरखर येतीया. इक्वलायझरनं काही केलंय वाटतं," ती म्हणाली. "काय म्हणतायत ते?"

पडद्यावर जयराजनं तिला दारात बघितलं, तिचं बोलणं ऐकलं आणि त्याचं हसू मावळलं.

नाथाजींनी खुर्चीचे हात सोडले.

"म्हणतोय, येत न्हाई. माझ्यामुळं येत न्हाई म्हणतोय."

राहीबाईंनी पिठाचा हात तोंडावर ठेवला. अंकितानं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा सोप्यातल्या पेटीकडं. तिला सगळं कळलं. पेटीतून जयराजच्या श्वासाचासुद्धा आवाज येत होता, तो तिलाही ऐकू येत होता, त्यांनाही.

"तसं न्हाई मामा," ती हळू म्हणाली. "रेंज न्हाई तिकडं. तुमाला नीट ऐकू आलं नसंल. अजून काही ठरलं न्हाई, असं म्हणत असतील."

ती त्यांच्या तोंडावर खोटं बोलत होती. पुरावा समोर होता, साक्षीदार पडद्यावर होता, आणि ज्या माणसानं आपल्या कर्नललाही गेटमधून आत सोडलं नव्हतं, तो तिच्याकडं बघत होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं मान खाली घातली नव्हती.

"व्हय," नाथाजी म्हणाले. "तू म्हणतीस तर तसंच आसंल."

मग ते उठले आणि खुर्ची त्यांनी तिच्याकडं सरकवली.